एकटीने यायचं की दोघांनी?

प्रश्न पुण्यातून आला आहे. लिहिणारी ३४ वर्षांची, नोकरी करणारी. लग्नाला ८ वर्षं झालेली, ५ वर्षांची मुलगी, सासूबाई सोबत राहतात. भांडण पेटलं की नवरा गप्प होतो, कधीकधी दोन-दोन दिवस. ती बोलत सुटते, तो मोबाईल घेऊन गॅलरीत जातो. मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "प्रॉब्लेम तुला आहे, तू जा काउन्सेलरकडे." तिचे प्रश्न तीन आहेत. एकटीने जाऊ की दोघांनी? मी एकटीने सांगितलेलं त्याला कळेल का? आणि तुम्ही लोक त्या खोलीत नेमकं करता काय?

तो यायला तयार असेल तर दोघांनी या. नसेल तर एकटीने या, पण 'त्याला कसं बदलायचं' हे शिकायला येऊ नका, कारण ते मलाही येत नाही. वीसेक वर्षं हेच काम करते आहे, तरी समोर नसलेल्या माणसाला बदलण्याची युक्ती अजून सापडलेली नाही.

मात्र भेटीची वेळ देण्याआधी मी प्रत्येकाला फोनवर एक प्रश्न विचारते, तो तुम्हालाही विचारते. त्यांना राग आला की तुम्हाला भीती वाटते का? वैताग, कंटाळा, रडू हे सगळं चालेल. मी भीतीबद्दल विचारते आहे. हात उचलणं, दार अडवून उभं राहणं, पगार काढून घेणं, फोन तपासणं, 'मुलीला घेऊन जाईन' अशी धमकी देणं, यातलं काही असेल तर मी जोडप्याला एकत्र बसवत नाही. एकत्र बसलं की मी खरं बोलायला सांगणार. तुम्ही संध्याकाळी पाच वाजता माझ्यासमोर खरं बोललात, तर त्याची किंमत रात्री आठला घरी मोजावी लागेल. तिथे मी नसते. अशा वेळी काम एकटीचंच होतं आणि सुरुवात सुरक्षिततेपासून होते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, त्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात बसणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्षही आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबईत त्याची सुरुवात केली. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटतात, लगेच तक्रार नोंदवायलाच हवी असं नसतं. हाच भीतीचा प्रश्न मी पुरुषांनाही विचारते. 'हो' कमी वेळा येतं, पण येतं.

तुमच्या पत्रात भीती दिसली नाही, थकवा दिसला. म्हणून पुढचं सगळं भीती नाही असं धरून लिहिते आहे.

आता दुसरा प्रश्न, गुपिताचा. यात मी सुरुवातीच्या काळात एक चूक केली होती. एक बाई माझ्याकडे आठ महिने एकट्या येत होत्या. चांगलं काम चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, आता यांनाही बोलावू का? मी म्हटलं, बोलवा. गृहस्थ आले, खुर्चीत बसले आणि पंधरा मिनिटांनी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमची दोघींची ओळख जुनी आहे. मी इथे पाहुणा आहे." त्यांचं बरोबर होतं. आठ महिने मी त्यांना बायकोच्या डोळ्यांनी पाहत होते. मी कितीही तटस्थ असल्याचा आव आणला तरी ते खोलीत शिरण्याआधीच त्यांच्याबद्दलचं माझं मत बनलेलं होतं. तीनच भेटी झाल्या, मग ते आलेच नाहीत. त्या बाईंचंही काम तिथेच तुटलं.

तेव्हापासून नियम केला. ज्याच्यासोबत मी एकट्याने काम करते, त्याच्या जोडप्याचं काम मी घेत नाही, दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवते. उलटही तसंच. म्हणून 'आधी मी चार वेळा येते, मग त्याला आणते' हा बेत असेल तर तो सोडा. तुम्ही एकट्या माझ्याकडे सुरुवात केलीत तर मी तुमची समुपदेशक होईन, तुमच्या लग्नाची नाही.

दोघं आलात तर पहिली भेट एकत्र, मग प्रत्येकाची एकेक वेगळी, मग पुन्हा एकत्र, असा माझा क्रम असतो. एकत्र भेट दीड तासाची ठेवते, एकट्याची ५० मिनिटांची. त्या वेगळ्या भेटीआधीच मी दोघांसमोर सांगते, की तुम्ही मला एकांतात जे सांगाल ते मी जाऊन दुसऱ्याला सांगणार नाही, पण नात्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवून दोघांसमोर भोळी बसणारही नाही. उदाहरणार्थ, चालू असलेलं बाहेरचं प्रकरण, लपवलेलं कर्ज, किंवा वकिलाकडे आधीच टाकलेली पावलं. असं काही निघालं तर ते स्वतः कसं सांगायचं याची तयारी मी करून घेते. सांगायचंच नसेल तर एकत्र काम थांबवते, आणि का थांबवलं याचं कारण माझ्याकडून बाहेर जात नाही. काही समुपदेशक सगळी गुपितं ठेवतात, काही वेगळी भेट घेतच नाहीत. तुम्ही कुणाकडेही गेलात तरी पहिल्या दिवशी हा नियम विचारून घ्या.

आणि घराबाहेर? जीवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर बाहेर काही जात नाही. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच गोपनीयतेचा हक्क दिला आहे. सासूबाई, आई, मोठे दीर, कुणीही मला फोन करून 'काय म्हणाली हो ती' असं विचारलं, तर ती माझ्याकडे येते की नाही हेही मी सांगत नाही. फोन येतात. मध्यस्थ म्हणून लग्न जुळवलेल्या काकांचेही येतात.

आता खोलीत काय होतं ते.

पहिल्या भेटीत लोक पुरावे घेऊन येतात. खरंच. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट, तारखा, 'गेल्या गणपतीत तू काय म्हणालास' इथपर्यंत. मी ते बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, तुमचं जमलं कसं? कांदेपोह्यांचा कार्यक्रम असला तरी चालेल, त्या दिवशी समोरच्यात काय दिसलं? हा नुसता गप्पांचा प्रश्न नाही. अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून, त्यांच्या संभाषणांचं चित्रीकरण करून, नाडीचे ठोके मोजून वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या मुलाखतीतही 'तुम्ही कसे भेटलात' हा प्रश्न असतो. उत्तरापेक्षा सांगण्याची रीत महत्त्वाची. एक सांगत असताना दुसरा मध्येच "अगं, ती साडी हिरवी नव्हती" म्हणून हसला, की मला हायसं वाटतं. तीच गोष्ट "तेव्हाच कळायला हवं होतं मला" अशा सुरात आली, तर काम लांबचं आहे हे मी मनात नोंदवते.

दुसरं मी ऐकते ते 'आपण' आणि 'आम्ही'. मराठीत ही सोय फार छान आहे. 'आपण' म्हटलं की समोरचा आत, 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर. नवरा बायकोला सांगतो, "आमच्याकडे पाहुण्यांसमोर असं बोलत नाहीत." लग्नाला ८ वर्षं झाली, मूल झालं, गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे, आणि ती अजून 'आमच्या'च्या बाहेरच उभी. तीही मग 'तुम्ही लोक' म्हणते. एरवी त्याला 'अरे' म्हणणारी भांडणात एकदम 'तुम्ही लोक'वर येते, आणि त्या एका शब्दात नवरा, सासू, नणंद आणि अख्खं गाव एका रांगेत उभं राहतं. मी तिथेच थांबवते. वाक्य पुन्हा म्हणायला लावते, 'आपल्याकडे' घालून. बहुतेकांना ते जमत नाही, जीभ अडखळते. त्या अडखळण्यावर आमची कित्येक सेशन्स जातात.

तुमच्या पत्रातली मुख्य गोष्ट मात्र त्याचं गप्प होणं आहे. त्यावर जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे अबोला ही जुनी, मानाची संस्था आहे. आजी-आजोबांनी मुलांमार्फत निरोप धाडत महिने काढलेले असतात. 'तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय.' अबोला हे हत्यार आहे, तो धरला जातो आणि दोघांनाही ठाऊक असतं की तो धरलाय. पण गप्प होण्याचा आणखी एक प्रकार असतो. त्यात माणूस काही धरत नाही, त्याचं बोलणंच बंद पडतं. गॉटमन यांनी नातं पोखरणाऱ्या चार सवयी सांगितल्या: माणसाच्या स्वभावावरच टीका, तुच्छतेने बोलणं, सतत स्वतःचा बचाव आणि भिंत होऊन बसणं. ही चौथी त्यांच्या पाहणीत बहुतांशी पुरुषांमध्ये दिसली. बाहेरून थंड दिसणाऱ्या या माणसांच्या आत मात्र खळबळ असते. नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरचा काय म्हणतोय हे नीट ऐकू येण्याची, विनोद करण्याची, माफी मागण्याची क्षमता जवळजवळ संपते. तुम्हाला दगड दिसतो. तो आत पळत असतो.

तुमचा नवरा यातला कोणता, हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. खोलीत ओळखायला मी एक साधी गोष्ट करते. भांडण चढायला लागलं की दोघांनाही बोट पुढे करायला सांगते आणि ऑक्सिमीटर लावते. कोरोनात प्रत्येक घरात एक आलेला आहे, आता ड्रॉवरमध्ये पडून असतो. एकदा एक बाई नवऱ्याच्या नाडीचा ११८चा आकडा पाहून एकदम गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मला वाटायचं याला काही वाटतच नाही." त्या जोडप्यात त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही, पण 'तुला काही पडलेलीच नाही' हे वाक्य त्यांनी सोडलं.

घरी करायचं ते एवढंच. दोघांपैकी कुणालाही डोकं तापल्याचं जाणवलं की 'थांबूया' म्हणायचं. थांबायचं कमीत कमी २० मिनिटं, कारण शरीर खाली यायला तेवढा वेळ लागतो. त्या वेळात मनातल्या मनात पुढचे डायलॉग रचायचे नाहीत. भांडी घासा, चक्कर मारून या. आणि ज्याने 'थांबूया' म्हटलं त्यानेच वेळ सांगायची आणि त्या वेळेला परत यायचं. 'साडेनऊला बोलूया' म्हणून माणूस साडेनऊला खरंच आला पाहिजे. तुमच्याकडे बिनसतं ते इथेच. तो जातो पण कधी येणार ते सांगत नाही, म्हणून तुम्ही गॅलरीच्या दारापर्यंत बोलत जाता. तुम्ही दारापर्यंत येणार हे माहीत असल्याने तो दार लावून घेतो. कॅनडात स्यू जॉन्सन यांनी या पाठलागावर आणि पळण्यावरच आपली भावनाकेंद्री पद्धत उभी केली. त्यांचं म्हणणं मला पटतं. पाठलाग करणारी 'मी तुझ्यासाठी आहे का?' असं विचारत असते आणि पळणारा 'मी पुन्हा नापास झालो' असं ऐकत असतो. तुम्ही मात्र भांडता ते डब्याच्या झाकणावरून.

मग चूक कोणाची? हा प्रश्न प्रत्येक जोडपं विचारतं, कधी तोंडाने, कधी माझ्याकडे पाहून. मी निकाल देत नाही. पण मी गुळमुळीतही बसत नाही. एखाद्या भेटीत तुमच्या टोमण्यावर बोट ठेवीन, पुढच्या भेटीत त्याच्या पळण्यावर. महिन्याभरात दोघांनाही 'मॅडम त्याच्या बाजूच्या', 'मॅडम तिच्या बाजूच्या' असं वाटून गेलेलं असतं. एकालाच सतत तसं वाटत असेल तर त्याने ते मला तोंडावर सांगावं, कारण मग माझं काहीतरी चुकतंय.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मला त्या ओळीची जास्त काळजी वाटते. जोडप्यात ताण वाढला की तो पेलायला तिसरं माणूस ओढलं जातं. कधी आई, कधी मूल, कधी ऑफिसातला कुणी. मी सासूबाईंना बहुधा बोलावत नाही. खोलीत त्या नसल्या तरी एक खुर्ची त्यांचीच असते. मी नवऱ्याला विचारते, आई आणि बायको यांच्यात तुम्ही पंच आहात, निरोप्या आहात की फक्त ऐकणारे? बहुतेकांना हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच विचारला जातो. आणि तुमची मुलगी तुमच्या दोघांचे निरोप पोहोचवत असेल, तर ते आजपासून बंद. त्यासाठी माझ्या भेटीची वाट पाहू नका.

एकट्या आलात तर काम निराळं. तिथे मी विवेकनिष्ठ पद्धतीचा, म्हणजे भावनेमागचा विचार तपासण्याच्या पद्धतीचा, बराच वापर करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली आणि मराठी माणसांत ती कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे आपल्याकडे तिला स्वतःची भाषा आहे. मी सुरुवात 'च'पासून करते. 'त्याने आईसमोर माझी बाजू घ्यायलाच हवी.' 'माझ्यावर असं कुणी ओरडताच कामा नये.' यातला 'च' काढा आणि वाक्य पुन्हा म्हणा. 'त्याने माझी बाजू घ्यावी असं मला मनापासून वाटतं.' अपेक्षा तीच राहिली, तिचा हुकूम होणं थांबलं. तो हुकूम मोडल्यावर जो आगडोंब उसळतो, तो इच्छा अपुरी राहिल्यावर उसळत नाही. वाईट वाटतं, आणि वाईट वाटलेलं माणूस मागणी नीट करू शकतं. इथे एक गैरसमज होतो, तो आधीच सांगते. 'च' काढणं म्हणजे सोसणं नव्हे. वाक्यातून हुकूम गेला की उलट स्पष्टपणे 'नाही' म्हणता येतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायका आधी चिडून नाही म्हणायच्या आणि मग अपराधी वाटून हो म्हणायच्या. हे चक्र तिथेच तुटतं.

एकट्याच्या कामात कधीकधी वेगळंच निघतं. झोप येत नाही, भूक गेली, कशातच रस नाही, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं असेल तर ती चिडचिड नवऱ्यामुळेच असेल असं नाही. तेव्हा मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते, कारण औषध देणं माझ्या हातात नाही. मरणाचे विचार येत असतील तर माझ्या भेटीसाठी थांबू नका. १४४१६वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन रात्रीही लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

किती दिवस लागतील? जोडप्यांना मी आठवड्याला एक याप्रमाणे सहा भेटी मागते, मग तिघांनी मिळून ठरवतो. कुणी सहात थांबतं, कुणी वर्षभर येतं. सगळे तंटे मिटतील अशी आशा ठेवू नका. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे ६९ टक्के वाद कायमचे निघाले, म्हणजे स्वभावांतले, पैशाकडे पाहण्याच्या रीतीतले. ते सुखी जोडप्यांतही असतात. माझ्याकडून बरं होऊन गेलेली जोडपी अजून एसीच्या तापमानावरून भांडतात.

तुमच्यापैकी एकाला राहायचं आहे आणि दुसऱ्याचा पाय दारात आहे असं असेल, तर नेहमीचं काम सुरूच करू नये. अर्ध्या मनाने आलेला माणूस दोन भेटींत 'बघ, करून पाहिलं' म्हणून मोकळा होतो. त्यासाठी मिनेसोटात विल्यम डोहर्टी यांनी छोटी पद्धत बसवली, जास्तीत जास्त पाच भेटींची. तिचा उद्देश नातं सुधारणं हा नसतोच. आहे तसं राहायचं, वेगळं व्हायचं की सहा महिने मनापासून प्रयत्न करायचा, एवढंच ठरवायचं असतं. कोर्टातलं समुपदेशन हे याहून निराळं. १९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करणं ही न्यायालयाचीच जबाबदारी केली आहे, ते समुपदेशक त्या चौकटीत काम करतात. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि माझ्याकडे यायला घाबरतात.

समुपदेशक निवडताना शिक्षण विचारा, अवघडू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, हे आवर्जून विचारा. एकट्या माणसांसोबत उत्तम काम करणारा माणूस दोघांसमोर गडबडतो, हे मी स्वतःवरून सांगते.

राहिलं त्याला कसं आणायचं ते. 'प्रॉब्लेम तुला आहे' यावर 'नाही, तुला आहे' असं म्हणालात तर आणखी कित्येक महिने जातील. भांडण चालू नसताना, रविवारी सकाळी वगैरे, एवढंच म्हणा: "मी जाणार आहे. मला माझं बोलणं सुधारायचंय, आणि ते तुझ्याशीच बोलताना बिघडतं. एकदा ये. पटलं नाही तर दुसऱ्यांदा आग्रह करणार नाही." आणि तो एकदा आला, त्याला पटलं नाही, तर खरंच आग्रह करू नका. येताना मुलीला कुणाकडे तरी ठेवून या, आणि शक्य असेल तर परत जाताना रिक्षा एकच करा.